बावन्नावी पट्टी

“जरा लवकर उरका हं,” ताई म्हणाल्या. “परवा तो दवाखान्यातून घरी येतोय. त्याला आधी काही सांगायचं नाहीये. आला की वाजवायला बसेल आणि चाट पडेल बघा.”

माझं डोकं तेव्हा पियानोच्या पोटात होतं, म्हणून मी नुसता हुंकार दिला. ताई सत्तरी ओलांडलेल्या, जन्मभर नर्सची नोकरी केलेल्या; त्यांना हुंकारही पुरत असे. धाकट्या भावाच्या खुब्याचं हाड मोडलं होतं, तो पंधरा दिवस दवाखान्यात होता, आणि तेवढ्यात त्याचा पियानो लावून घ्यायचा असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

“किती वर्षं ऐकतेय मी,” त्या म्हणाल्या. “फार बिघडलाय हो. कानाला बोचतो. आणि ह्याचं आपलं चालूच. टण्, टण्, टण्. म्हटलं, हा काही करायचा नाही, आपणच करून टाकावं.”

पियानो लावणं हा माझा धंदा, वडिलांकडून आलेला. त्यांची एक शिस्त होती, ती मी अजून पाळतो. कुठल्याही पियानोच्या खुंटीला हात लावण्याआधी मधल्या तेरा पट्ट्या, डावीकडून सदतीस ते एकोणपन्नास, एकेक वाजवून बघायच्या आणि कुठला सूर किती चढलाय, किती उतरलाय ते कार्डावर लिहून ठेवायचं. खाली तारीख आणि सही. उद्या गिऱ्हाईक उलटलं आणि ‘तुम्हीच बिघडवलात’ म्हणालं, तर कार्ड पुढे करायचं. तेरा पट्ट्यांवरून बाकीच्या पंच्याहत्तरांचा अंदाज येतो, म्हणून तेराच.

त्या दिवशीचं कार्ड मला तोंडपाठ आहे. एका सुरापासून शेजारच्या सुरापर्यंतच्या अंतराचे आम्ही शंभर भाग धरतो. मी लिहिलं: चौदा उतरलेला. दोन चढलेला. एकतीस उतरलेला. असे तेरा आकडे. शेऱ्याच्या जागी लिहिलं, ‘वरचा भाग ढिला. कुणी लक्ष दिलेलं दिसत नाही.’ आणि झोकात सही ठोकली.

एक गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती. खरं सांगायचं तर खटकली होती. पियानोत बहुतेक सुरांना तीन तीन तारा असतात. टाकून दिलेल्या पियानोत सगळ्यात आधी ह्या तिघींचं आपापसात बिनसतं, आणि एक पट्टी दाबली की तीन बायका एकदम बोलल्यासारख्या वाटतात. इथे तिघी एकजीव होत्या. बेसूर, पण तिघी मिळून बेसूर. हे आपोआप होत नाही. कुणीतरी तासन् तास कान लावून एकेक तार जागेवर आणावी लागते. हे मला समजलं, मी मनाशी म्हणालो, ‘काय चमत्कारिक हवा आहे ह्या घराची,’ आणि पहिली खुंटी फिरवली. ऐकूनही सोडून द्यायची ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती, कारण त्याला मुळात काही ऐकूच आलं नसतं. सव्वादोन तास लागले. मी शीळ घालत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास फोन आला.

“पियानो लावणारे तुम्हीच का?”

“हो, बोला.”

“हे ऐका.”

लांबून एक सूर आला. विरला. पुन्हा तोच. सात वेळा.

“काय आहे हे?” फोनवरच्या माणसानं विचारलं.

“बावन्नावी पट्टी,” मी म्हणालो. “अगदी सुरात आहे.” अभिमानानं म्हणालो, हे आठवलं की अजून कानशिलं तापतात.

“हो,” तो म्हणाला. “सुरात आहे.” मग आणखी एकदा तोच सूर वाजला. “जमलं तर येऊन जाल का?”

मी गेलो. दार ताईंनी उघडलं आणि त्या तडक स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या. पियानोपाशी भाऊ होता: किडकिडीत, मांडीवर काठी आडवी, दाढी चार दिवसांची. आख्खी इमारत त्याला मास्तर म्हणायची आणि पाठीमागे टणटण. मला वाटलं होतं, हा माणूस अंगावर धावून येईल. आला असता तर बरं झालं असतं. त्यानं मला खुर्ची दिली. त्या खुर्चीच्या पाठीला वळसा घालून टेपची एक लांबलचक फीत, तेच तेच वाजत राहावं म्हणून टोकं जोडलेली, टेबलावरच्या यंत्रात परत शिरत होती, म्हणून मला अंग चोरूनच बसावं लागलं.

“ताईला बोलू नका,” तो म्हणाला. “तिनं चांगल्या मनानं केलं. तुम्हीही चांगलंच केलंत. काम चोख आहे तुमचं.”

“मग चुकलं काय?”

“तो बिघडलेला नव्हता. मी तसा लावला होता.”

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. स्वयंपाकघरातून ताईंचा आवाज आला. “अरे, मग सांगायचं नाहीस का मला? इतकी वर्षं आठवड्यातून तीनदा येते मी इथे.”

“तू ऐकतेस हे मला माहीत नव्हतं,” मास्तर म्हणाले. हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, आणि म्हणूनच ते ऐकवेना.

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, ज्यानं घर पाडलं त्यालाच घराचा नकाशा समजावावा तसं. त्यांचं संगीत अगदी थोड्या सुरांचं. एक सूर घ्यायचा, तो पुन्हा पुन्हा वाजवायचा. ऐकणाऱ्याला आधी कंटाळा येतो, मग राग येतो, आणि तरी जो उठून जात नाही त्याला हळूहळू त्या एका सुराच्या आत दुसरे सूर ऐकू यायला लागतात. तिथून पुढे ते हाताला सुचेल तसं वाजवायचे. लिहिलेलं काहीच नाही. पियानो कसा लावलाय त्यातच सगळं. तरुणपणी त्यांनी हे मोठ्या सभागृहात वाजवलं तेव्हा अर्धे लोक मध्यंतराआधीच निघून गेले, आणि एका वर्तमानपत्रानं छापलं की पियानो लावणाऱ्यालाच चुकून मंचावर बसवलं होतं.

“आमच्या खालच्या मजल्यावरचे गृहस्थ तर सहा वर्षं समजत होते, मी पियानो लावायचंच काम करतो,” मास्तर म्हणाले. “एकदा जिन्यात म्हणाले, ‘अहो, होत का नाहीये तो एकदाचा?’”

मी हसलो, आणि हसतोय म्हणून ओशाळलो. माझंही आयुष्य एकच पट्टी शंभरदा वाजवण्यात गेलं होतं, आणि माझ्यासाठीही कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. पण माझ्या मागे कुणी ऐकत बसावं अशी अपेक्षाही मी कधी केली नव्हती.

बोलता बोलता त्यांचा डावा हात पट्ट्यांवर गेला आणि चार सूर वाजले. पुन्हा तेच चार. मी ताडकन उठलो.

“हे तर ते नाचाचं गाणं!”

“हो.”

“हे तुमचं?”

“सूर माझे. आवाज हिचा,” ते म्हणाले आणि त्यांनी शेजारच्या खोलीच्या दाराकडे बघितलं. दार उघडं होतं. आत एक पलंग, वर गादी गुंडाळून ठेवलेली.

ते गाणं माझ्या वयाच्या कुणाला माहीत नाही? त्या वर्षी रेडिओ लावला की तेच, दुकानांतून तेच. माझ्या बायकोबरोबर मी पहिल्यांदा नाचलो ते ह्याच गाण्यावर, आणि तिचा पाय तुडवला. ती आता लेकीकडे असते. आमच्यात भांडण नाही. बोलायला फारसं काही उरलं नाही, इतकंच. गाण्यावर कुणाचं नाव आहे हे बघायचं मात्र मला कधी सुचलं नव्हतं.

“शब्द संपल्यावर ती नुसती गुणगुणत राहते, आठवतं?” मास्तरांनी विचारलं.

“नाही हो. तिथे संपतं ना गाणं?”

“रेडिओवाल्यांनी कापलं. पुढे अकरा मिनिटं होती. मी चार सूर वाजवतोय, ढोल तोच, आणि ती मनाला येईल ते गुणगुणतेय. माझ्या मते गाणं तिथून सुरू व्हायचं होतं.”

त्या अकरा मिनिटांमागे मास्तर उरलेलं आयुष्य चालत राहिले. ते गाणारी त्यांची बायको मात्र नऊ वर्षांपूर्वी गेली. शेवटची दोन वर्षं ती शेजारच्या खोलीत पडून होती. बोलणं थांबलं होतं, गुणगुणणं थांबलं नव्हतं. मास्तर पियानो लावायला बसले की भिंतीपलीकडून ती एक सूर धरायची. वेळ जावा म्हणून असेल, किंवा नवऱ्याला मदत म्हणून. तो सूर बावन्नाव्या पट्टीजवळचा, पण आजारानं थकलेला, जागेवरून थोडा खाली घसरलेला. मास्तरांनी तिला वर ओढलं नाही. त्यांनी पट्टी खाली आणली, तिन्ही तारा तिच्या आवाजाला नेऊन टेकवल्या. ती गेल्यावर दर आठवड्याला खुंटीची चावी चिमूटभर फिरवून त्यांनी ती तिथेच ठेवली. हवा बदलली की तारा हलायच्या, मास्तर परत आणायचे.

“आणि तुमच्या हे लक्षात नाही? किती खाली होता तो सूर?” मी विचारलं.

“मी तो लक्षात ठेवलाच नव्हता हो. पियानोत ठेवला होता.”

तीन आठवड्यांनी एक मुलगी ध्वनिमुद्रणाची यंत्रं घेऊन घरी येणार होती. कुठल्याशा छोट्या कंपनीत ती काम करत होती, तिला रद्दीच्या दुकानात मास्तरांची जुनी तबकडी सापडली होती आणि तिनं चार पत्रं पाठवून त्यांना राजी केलं होतं. सव्वीस वर्षांत त्यांना कुणी ‘वाजवा’ म्हटलं नव्हतं. बोटं आता थरथरायला लागली होती, तेव्हा हे एकदाच होणार, आणि जे होईल तेच मागे राहणार, हे त्यांना माहीत होतं. आता मलाही माहीत झालं.

मी दारापर्यंत गेलो आणि तिथे मला आठवलं.

“मास्तर,” मी म्हणालो, “माझ्याकडे कार्ड आहे.”

दुसऱ्या दिवशी कार्ड घेऊन गेलो. मास्तरांनी ते खिडकीपाशी धरून वाचलं. चौदा खाली, दोन वर, एकतीस खाली. त्यांचे ओठ हलत होते, आणि तेराव्या आकड्याशी आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. आपण केलेली गोष्ट कुणीतरी नीट ऐकून लिहून ठेवली आहे, हे त्यांना पहिल्यांदाच बघायला मिळत होतं. ते लिहिणाऱ्यानं दोषांची यादी म्हणून लिहिलं होतं, ही गोष्ट वेगळी. मग नजर खाली आली आणि त्यांनी शेरा मोठ्यानं वाचला.

“वरचा भाग ढिला. कुणी लक्ष दिलेलं दिसत नाही.”

स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली. मास्तरांनी कार्ड हळूच पियानोवर ठेवलं, आणि म्हणाले, “चला. तेरा तर तेरा.”

चार दिवस मी त्यांच्याकडे जात होतो, दुसरी कामं पुढे ढकलून. सूर मोजायचं यंत्र लावून तेरा सूर कार्डावरच्या आकड्यांवर नेले, आणि मग त्या तेरांवरून खालचे, वरचे. मी जन्मभर जे सरळ करत आलो ते हातानं वाकडं करत होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तीन पट्ट्या एकदम दाबल्या आणि खोली भरून आली. काय झालं ते मला शब्दांत सांगता येणार नाही. तो आवाज थरथरतच नव्हता. आपण रोज लावतो त्या पियानोत नेहमी एक बारीक कंप असतो, त्याची इतकी सवय असते की तो गेला तेव्हाच कळतं. ताई हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “हा बोचत नाहीये रे.”

“तोच आहे तो, ताई,” मास्तर म्हणाले. “तू आज कान देऊन ऐकलास.”

राहिली बावन्न. कार्ड एकोणपन्नासला संपत होतं. मी फक्त तीन पट्ट्या पुढे गेलो असतो तर, हा विचार मी तेव्हा केला आणि नंतरही किती वेळा केला असेल, कोण जाणे. खालच्या सुरावरून ती काढता येत नव्हती, कारण ती कुठल्या हिशोबात बसणारी नव्हतीच. जुन्या फितींवर त्यांच्या बायकोचा आवाज होता, पण तरुण, धडधाकट.

“तुम्ही पट्टी वाजवत खाली या,” मास्तर म्हणाले. “मी थांबा म्हणतो.”

ते काठी टेकून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, त्याच भिंतीकडे. मी वाजवत, चावी केसभर सैल करत उतरत गेलो.

“थांबा,” ते म्हणाले. “हाच. हाच तो.”

यंत्रात बघितलं. अकरा खाली. मी मनात आकडा धरला.

“पुन्हा एकदा करू,” मास्तर म्हणाले. “खात्री असू दे.”

मी सूर परत वर नेला आणि उतरत आलो. “हाच,” ते म्हणाले. एकोणीस. तिसऱ्या वेळी त्यांनी फार वेळ लावला, कपाळ भिंतीला टेकवलं, आणि म्हणाले, “हाच.” सहा.

“तिन्ही वेळा एकच आला ना?” त्यांनी वळून विचारलं.

मला ‘हो’ म्हणता आलं असतं. ताई दारातून माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांचे डोळे स्वच्छ सांगत होते की म्हण. सरासरी काढून बारावर लावून दिली असती तर कुणाला कळलं असतं? जगात एकाही माणसाला कळलं नसतं. पण विचारणारा माणूस नऊ वर्षं दर आठवड्याला चिमूटभर चावी फिरवत आला होता. त्याच्याशी खोटं बोलायला माझी जीभ रेटेना.

“नाही, मास्तर,” मी म्हणालो. “तीन वेळा तीन वेगळे आले.”

ते येऊन बसले. बावन्नाव्या पट्टीवर त्यांनी बोट नुसतं ठेवलं, दाबलं नाही.

“आता तुम्ही जो वाजवाल तोच मला तिचा वाटणार,” ते म्हणाले. “म्हणजे गेला.”

ताईंनी पदर डोळ्यांना लावला. मी माझी हत्यारं आवरायला घेतली. काम करताना शेजारची तार बोलू नये म्हणून आम्ही तारांमध्ये लाल फेल्टचे, म्हणजे जाड लोकरी कापडाचे, तुकडे खोचतो. ते मी गोळा करत होतो, तेव्हा मास्तरांनी एकाकडे बोट केलं.

“हा इथे राहू द्याल?”

मुलगी ठरल्या दिवशी दुपारी आली. तिनं माइक लावले, घड्याळ काढून स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं, आम्हाला हलू नका म्हणून सांगितलं. ताई शेजारच्या खोलीतल्या पलंगावर, मी मधल्या दाराशी जमिनीवर, चपला काढून. मास्तरांनी एक सूर घेतला. मला आधी खरंच कंटाळा आला. पोटरी दुखायला लागली. मग कधीतरी पोटरी विसरलो. सुराच्या आत खालून दुसरा सूर येत होता, मग त्याच्या वर तिसरा, कुणी न वाजवता. मध्येच डाव्या हातात ते नाचाचे चार सूर आले, इतके सावकाश की ओळख पटेपर्यंत ते निघूनही गेले होते, आणि मला माझ्या बायकोचा तुडवलेला पाय आठवला. उजवा हात मनाला येईल तसा फिरत होता. अकराव्या, बाराव्या मिनिटाला असेल, तो हळूहळू वर चढला आणि बावन्नाव्या पट्टीवर आला.

टक्.

फेल्टमध्ये दबलेल्या तिन्ही तारांवर पियानोतली हातोडी. सूर नाही. मास्तर थांबले नाहीत. चार सूर, आणि पुन्हा टक्. असं चाळीस मिनिटं. जिथे ती यायची तिथे ते तिला दर वेळी जागा करून देत होते. शेवटी बाकी सगळं थांबलं आणि तेवढं एकच राहिलं, हळू, लांब लांब. मग तेही थांबलं.

मुलीनं यंत्र बंद केलं आणि डोळे पुसले. मग दबकतच म्हणाली, “सर, एक पट्टी वाजत नाहीये तुमची. हे पियानोवाले ती ठीक करून देतील का? आपण उद्या परत घेऊ या.”

“नको,” मास्तर म्हणाले. “ते तसंच आहे.”

तबकडी निघाली. थोडे लोक ऐकतात म्हणे. कंपनीला अधूनमधून तक्रारीची पत्रं येतात की मुद्रणात काहीतरी ठोकल्याचा आवाज आहे. मुलगी ती मास्तरांना पाठवते आणि ते जपून ठेवतात.

मी दर सहा महिन्यांनी त्यांच्याकडे जातो. तेरा पट्ट्या वाजवतो, मग पन्नासावी, एक्कावन्नावी, असं करत सगळ्या अठ्ठ्याऐंशी, आणि सगळे आकडे लिहितो. मास्तर काठीवर हनुवटी टेकून ऐकत बसतात. आता ते वाजवत नाहीत. बोटं ऐकत नाहीत त्यांची. बावन्नला टक् होतं. तिथे कार्डावर आकड्याची जागा मी मोकळी सोडतो, आणि पुढे करायच्या कामाच्या रकान्यात लिहितो, ‘काही नाही.’ मग सही करून कार्ड त्यांच्या हातात देतो. ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतात.